कोरी पट्टी, कोरा चहा

"यात चहा कुठाय?"

हे तोंडातून गेलं आणि मी लगेच जीभ चावली. समोर मैत्रीण बसलेली, तिच्या हातात दहा मिलिलिटरची कुपी आणि कुपीवर तिच्या तिरप्या अक्षरात 'चहा – १४' असं लिहिलेलं. चौदा म्हणजे चौदावा प्रयत्न. आधीचे तेरा तिने मला दाखवलेही नव्हते. सात-आठ महिने रात्री जागून, वजनकाट्यावर थेंब मोजून केलेल्या वस्तूबद्दल असं कुणी विचारतं का? पण मी मनगट नाकाशी नेलं होतं ते चहा भेटेल म्हणून, आणि भेटलं वेगळंच. आधी कुठल्याशा आंबट फळाच्या सालीची लख्ख चमक, मग ओलसर हिरवं काहीतरी, मग धुऊन वाळवलेल्या सुती कापडाचा कोरडा, स्वच्छ गंध. आवडलं मला. तिने नुसती कुपी पुढे केली असती तर मी कौतुकाचे दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. पण तिने आधी नाव सांगितलं होतं, आणि नाव ऐकलं की नाक त्याच दाराशी जाऊन उभं राहतं.

"नाहीच आहे," ती शांतपणे म्हणाली. "चहाचा एक थेंबही नाही त्यात."

मग तिने वही उघडली, काहीतरी टिपलं आणि वही मिटली. मला वाटलं, दुखावली.

माझं चहाशी नातं जरा जास्तच जवळचं आहे. दूध नाही, साखर नाही, कोरा चहा. दिवसाला चार कप. 'कोरा' हा शब्दही मला आवडतो. कोरा कागद, कोरं कापड, कोरा चहा. ज्यावर अजून कुणी काही लिहिलेलं नाही असा. कपावर झाकण ठेवून चहा मुरू द्यायचा आणि झाकण काढल्यावर जी पहिली वाफ येते तिच्यावर तोंड धरायचं, हा माझा रोजचा कार्यक्रम. पिणं त्यानंतर, आणि खरं सांगायचं तर पिणं त्यामानाने दुय्यम. तेव्हा चहाच्या नावाने कुणी चहाशिवाय काही पुढे केलं तर मला फसवल्यासारखं वाटणारच.

एक खुलासा आत्ताच करते, नाहीतर ती रागावेल. ती जे बनवते त्याला मी अत्तर म्हटलं की ती दुरुस्त करते. अत्तर तेलात असतं, हे अल्कोहोलमध्ये आहे, म्हणून हे परफ्यूम. बनवणारी ती एकटी, जागा घरातलीच एक खोली, एका वेळी जेमतेम पन्नास-साठ कुप्या. खोलीत दीडेकशे छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि एक वजनकाटा जो मिलिग्रॅममध्ये बोलतो. तिथे खिडकी उघडायची नाही, पंखा लावायचा नाही आणि काम चालू असताना चहा प्यायचा नाही. चहाचं परफ्यूम बनवायच्या खोलीत चहाला बंदी!

तर त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात एकच विचार होता: हिला सोपी गोष्ट सुचलीच नसावी. चहाचा वास हवा तर चहा घाला. अल्कोहोल मी तिच्याकडूनच मागून घेतला होता, कारण न सांगता. वीस ग्रॅम चांगली पत्ती शंभर मिलिलिटर अल्कोहोलमध्ये भिजत घातली, काचेची बरणी कपाटात अंधारात ठेवली आणि रोज एकदा हलवत राहिले. तिसऱ्या दिवशी असा काही तांबूस रंग उतरला की मला मी फार मोठी कारागीर वाटायला लागले. दहाव्या दिवशी गाळलं, कागदाच्या पट्टीवर दोन थेंब टाकले, अल्कोहोल उडून जाईपर्यंत थांबले आणि हुंगलं.

ओल्या गवताचा भारा. त्यामागे बंद कपाटातली जुनी वही. आणखी थोडा वेळ थांबले तर काहीच नाही.

बरणी घेऊन तिच्याकडे गेले, कारण अपयश एकटीने सोसायचा माझा स्वभाव नाही. ती हसली नाही, याचं मला नवल वाटलं. उलट तिने हिशेब मांडला. वाळलेल्या चहाच्या वजनात उडून नाकाशी येऊ शकणाऱ्या सुगंधी द्रव्यांचा वाटा असतो ०.०१ टक्क्याच्या आसपास. म्हणजे तुझ्या वीस ग्रॅम पत्तीत सुगंध किती, तर दोन मिलिग्रॅम. मिठाचे काही कण. बाकी तुझ्या बरणीत उतरला तो रंग, मेण, तुरट द्रव्यं आणि कॅफिन, ज्यांना वास असा नसतोच. शिवाय त्या दोन मिलिग्रॅममध्ये एक पदार्थ नाही. आजवर चहात सहाशेहून जास्त सुगंधी रसायनं ओळखली गेली आहेत. कुणी लिंबूवर्गीय, कुणी गुलाबासारखं, कुणी कापलेल्या गवतासारखं, कुणी मधासारखं.

मग कपातून एवढा दरवळ कसा येतो? एक तर पाणी उकळतं असतं, त्यामुळे जे उडू शकतं ते सगळं एकदम उडतं. मनगटाची कातडी बत्तीस-तेहतीस अंशांवर असते, कप नव्वदीच्या घरात. दुसरं, काही रेणूंच्या बाबतीत आपलं नाक अविश्वसनीय तिखट आहे. चहात आणि गुलाबातही बीटा-डमासेनोन नावाचं एक द्रव्य असतं. पाण्याच्या अब्ज भागांत एक भागाहूनही कमी असलं तरी ते आपल्याला कळतं. आणि तिसरं म्हणजे घोट गिळल्यावर घशामागून वर नाकात जाणारा वास. आपण ज्याला चहाची चव म्हणतो त्यातलं बरंचसं असं मागच्या दाराने आलेलं असतं. परफ्यूमला हे मागचं दार नसतं. ना उकळतं पाणी, ना घोट. हे ऐकल्यावर माझा मूळ प्रश्नच जरा पोरकट वाटायला लागला, पण मी तसं कबूल केलं नाही.

"चहाचा अर्क मिळतच नाही का मग?" मी विचारलं.

"मिळतो की." तिने एक छोटी बाटली काढली. हेक्झेनसारख्या द्रावकात पत्ती भिजवतात, द्रावक उडवून टाकतात, मेणचट गोळा उरतो. त्याला परफ्यूमवाले काँक्रीट म्हणतात (सिमेंटशी संबंध नाही). तो गोळा अल्कोहोलने धुतला, मेण बाजूला काढलं की उरतं ते अ‍ॅब्सोल्यूट. काळ्या चहाचं अ‍ॅब्सोल्यूट डांबरासारखं दाट आणि गडद दिसत होतं. तिने पातळ करून पट्टीवर दिलं. वाळलेलं गवत, तंबाखू, सुकवलेलं फळ, थोडं चामडं. श्रीमंत वास होता, पण वाफेवर तोंड धरून मी रोज जे घेते ते यात नव्हतं.

"हा चोथ्याचा वास आहे," ती म्हणाली. "जे उडून जायचं ते आधीच उडून गेलं. उरलं ते यात आलं."

तिने मला त्या दिवशी एक गोष्ट सांगितली. ती गोष्ट मी नंतर वाचून, ताडून पाहिली आणि तेव्हापासून माझा चहा पूर्वीसारखा राहिलेला नाही. चहाच्या झाडावरचं ताजं पान हुंगलं तर त्याला चहाचा वास येत नाही. चुरगाळलं तर हिरवा, गवताळ वास येतो, कुठल्याही कोवळ्या पानाचा येतो तसा. ज्या लिनलूल आणि जिरॅनिऑल या द्रव्यांमुळे काळ्या चहाला फुलांसारखा, लिंबाच्या सालीसारखा गंध येतो, ती पानात असतात, पण बरीचशी साखरेच्या रेणूला बांधलेली. बांधलेल्या अवस्थेत ती उडू शकत नाहीत, म्हणून त्यांना वास नाही. ती गाठ सोडवणारं विकर, म्हणजे एन्झाइमही त्याच पानात असतं, पण वेगळ्या कप्प्यात. पान शाबूत आहे तोवर दोघांची भेट नाही. पान तोडतात, पसरून कोमेजू देतात, मग वळतात, पिळतात. पेशी फुटतात. विकर आणि बांधलेला सुगंध एकत्र येतात, साखर गळून पडते आणि वास मोकळा होतो.

म्हणजे जखम झाल्याशिवाय चहाला चहाचा वास नाही. हे वाक्य मला फार ओढाळ वाटतं आणि त्यातून चटकन एखादं सुभाषित काढता येईल, म्हणूनच ते इथेच सोडते. त्यापेक्षा तपशील जास्त रंगतदार आहेत. हिरव्या चहासाठी पान तोडल्या तोडल्या वाफवतात किंवा तापल्या कढईत परततात. विकर मरतं, गाठी तशाच राहतात, म्हणून हिरवा चहा हिरवाच वास देतो. उलाँग नावाचा चहा करणारे पानं टोपल्यांत घोळवून नुसत्या कडा दुखावतात. मधला भाग हिरवा, कडा तांबूस, आणि वास या दोन्हींच्या मधला, फुलांकडे झुकणारा. गाजराला केशरी रंग देणाऱ्या द्रव्याचे भाऊबंद पानात असतात, ते तुटले की त्यातून आयोनोन नावाचं द्रव्य तयार होतं. त्याच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे. शेवटी विस्तवावर वाळवताना भाजल्याचा खमंग वास मिळतो तो निराळाच.

आणि तुडतुडे! ज्यांच्या नावाने शेतकरी एरवी बोटं मोडतो ते तुडतुडे. तैवानमध्ये 'ओरिएंटल ब्यूटी' नावाचा उलाँग होतो. त्यासाठी उन्हाळ्यात हे इवलेसे हिरवे तुडतुडे कोवळ्या पानांतला रस शोषून जायला हवेत. झाड स्वतःला वाचवण्यासाठी काही सुगंधी द्रव्यं बनवायला लागतं आणि त्यातूनच चहाला मधासारखा, पिकल्या द्राक्षासारखा गंध येतो. कीड आली नाही तर तो चहाच होत नाही, म्हणून तिथे कीटकनाशकाला हात लावत नाहीत. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराच्या चहात जो 'मस्कटेल', म्हणजे मस्कट द्राक्षासारखा गंध नावाजला जातो, त्यातही या तुडतुड्यांचा हात आहे.

हे सगळं ऐकताना माझ्या तक्रारीचा पाया ढासळत होता. मी 'खऱ्या' चहाच्या बाजूने भांडत होते. पण झाडावर तर तो वास नाही. तो कुणीतरी केव्हातरी पानाला कोमेजवून, वळून, वाळवून बनवलेला असतो. कुठे थांबायचं, किती कुस्करायचं, विस्तव केव्हा द्यायचा, हे ठरवणारा माणूस नाकानेच ठरवतो. पत्ती बनवणारा हाच पहिला परफ्यूमर, आणि माझी मैत्रीण त्याच रांगेत जरा मागे उभी.

बरं, चहाने स्वतः तरी परका वास घेण्यात कधी संकोच केलाय? वाळलेली पत्ती ही जगातली सगळ्यात उधारखोर वस्तू असेल. शेजारी जे ठेवाल त्याचा वास घेते. चीनमधल्या फुचौ शहरातले लोक हा दुर्गुण गुणासारखा वापरतात. ज्याला जग जास्मिन टी म्हणतं त्यातलं फूल म्हणजे आपला मोगरा. कळ्या दिवसा खुडतात, त्या रात्री उमलतात, आणि उमलत असतानाच त्यांचे थर पत्तीत मिसळून ठेवतात. सकाळी फुलं चाळून काढून टाकतात, पत्ती वाळवतात आणि पुन्हा नवी फुलं. उत्तम प्रतीच्या चहासाठी हे अनेक रात्री चालतं. म्हणजे नामी जास्मिन टीत मोगऱ्याचं फूल बहुधा दिसतच नाही. फूल येऊन, राहून, निघून गेलेलं असतं. आपल्या भाषेत गंधालाही वास म्हणतात आणि राहण्यालाही वास म्हणतात. मोगऱ्याचा तिथे काही रात्री वास होता, एवढंच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१४ मध्ये फुचौच्या या मोगरा-चहाच्या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात जागा दिली.

अर्ल ग्रे चहाचं तर विचारूच नका. त्यातला तो सुवास बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाचा. हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात होतं, आणि हेच तेल अठराव्या शतकापासून कोलोनचा कणा आहे. म्हणून काही लोकांना अर्ल ग्रे पिताना कोलोन प्यायल्यासारखं वाटतं. त्यांचं नाक चुकत नाही. बर्गमॉटमध्ये लिनलूल भरपूर असतं आणि चहातही असतं, त्यामुळे दोघं एकमेकांत अशी मिसळतात की शिवण दिसत नाही. आणि चीनच्या वूयी डोंगरातला लॅपसाँग सूशाँग चहा? तो पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. त्याचा वास विझत आलेल्या शेकोटीजवळ बसल्यासारखा. फुलाचा, सालीचा, धुराचा वास अंगावर घेणाऱ्या चहाला 'शुद्ध' राहण्याची हौस नव्हतीच. ती हौस माझी.

चहाच्या परफ्यूमची आधुनिक गोष्ट मात्र एका माणसापासून सुरू होते. झाँ-क्लोद एलेना हा फ्रेंच परफ्यूमर. पॅरिसमध्ये मारियाज फ्रेर नावाचं १८५४ पासूनचं चहाचं घराणं आहे. तिथल्या दुकानात चहाचे डबे हुंगता हुंगता त्याला हा विषय सुचला. त्यातून आलेलं परफ्यूम, 'ओ पार्फ्युमे ओ ते व्हेर', १९९२ मध्ये बुल्गारी या इटालियन दागिन्यांच्या घराण्याने आणलं. तोवर चहा हा वास परफ्यूममध्ये फारसा कुणी गाभ्याशी ठेवला नव्हता. ऐंशीच्या दशकातली परफ्यूम्स म्हणजे खोलीत माणसाआधी शिरणारी आणि माणूस गेल्यावरही न जाणारी. त्या गलबल्यात हे आलं ते कुजबुजत. मग लाटच आली. १९९४ चं सीके वन, १९९९ चं एलिझाबेथ आर्डनचं ग्रीन टी. हिरव्या चहाचा वास इतका 'स्वच्छतेचा' वास होऊन बसला की आज तो हॉटेलांतल्या साबणांतही सापडतो, आणि कदाचित म्हणूनच मला मैत्रिणीच्या कुपीत धुतलं सुती कापड दिसलं असावं. धुराकडून चहा गाठणारेही होते. १९९८ मध्ये आनिक मेनार्दोने बुल्गारीसाठीच लॅपसाँगचा धूर आणि रबर एकत्र आणलं. रबर! ऐकायला विचित्र, पण कातडीवर ते छान लागतं.

एलेनाची खुबी अशी की त्याने चहातली सहाशे रसायनं मोजत बसण्याऐवजी दोन घेतली. एक हेडिओन, एक आयोनोन. हेडिओन हे फिर्मेनिश कंपनीच्या प्रयोगशाळेत चमेलीच्या गंधाचा शोध घेताना हाती लागलेलं द्रव्य. नाव ग्रीकमधल्या 'सुख' या अर्थाच्या शब्दावरून, आणि पहिलं गाजलेलं काम १९६६ च्या ओ सोव्हाज या परफ्यूममध्ये. चमेलीतून फुलाचा भार काढून घेतला आणि नुसती तिच्याभोवतीची हवा ठेवली तर जसा वास येईल तसा त्याचा वास. आयोनोन हे त्याहून जुनं, १८९३ चं. टीमान आणि क्र्युगर हे दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हायोलेटच्या फुलाचा गंध शोधत होते, त्यातून ते निघालं. चमेली अधिक व्हायोलेट बरोबर चहा, असं हे विचित्र गणित. पण अगदीच हवेतलं नाही. मघाशी म्हटलं ना, पान वळताना आयोनोन तयार होतं? आणि हेडिओनचं जवळचं भावंड, मिथाइल जॅस्मोनेट, तेही चहात सापडतं. एलेनाने सहाशे जणांच्या गर्दीतून दोघांना बोलावलं आणि त्यांना सगळ्यांच्या वतीने बोलायला लावलं.

मैत्रिणीच्या खोलीत मी ही बेरीज स्वतः केली, पण त्याआधी एक अडचण सांगायला हवी, कारण तिने ज्यावर सगळ्यात जास्त रात्री घालवल्या ती ही. चहाचं सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे तुरटपणा. आणि तुरटपणाला वास नाही. आपल्याकडच्या सहा रसांत कषाय हा एक रस मानला आहे, पण तो जिभेला स्पर्शासारखा कळतो. चहातली तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटतं. हा खरखरीतपणा नाकाला कसा द्यायचा?

तिच्या वहीत याचं सगळं रडगाणं आहे. तिसऱ्या प्रयत्नात बर्गमॉट जास्त झालं. शेरा: 'चहा नाही, दाढीनंतरचं लोशन.' सातव्यात धुरासाठी बर्चच्या डांबराचा एक थेंब, तोही दहापट पातळ केलेला. शेरा: 'घरात शेकोटी, शेजारी विचारून गेले.' नवव्यात दक्षिण अमेरिकेतल्या माते पानांचं अ‍ॅब्सोल्यूट, जे चहाचा भास द्यायला बरेच जण वापरतात. शेरा: 'तंबाखूची चंची.' अकराव्यात तिला वाट सापडली असावी. तिने गोड वाटणारं सगळं काढून टाकलं. व्हॅनिला नाही, मलईसारखं चंदन नाही. त्याऐवजी सीडर, जे पेन्सिल तासताना येतं तसं कोरडं, आणि ग्वायाक लाकूड, किंचित धुरकट. माते राहिलं, पण चिमूटभर. नाक एकटं असतं तेव्हा भोळं असतं. गोडवा काढून घेतला आणि कोरड्या लाकडाचा इशारा दिला की ते तुरट असल्याचं मान्य करून टाकतं. मग सगळं एकत्र करून दोन आठवडे तसंच, आणि अल्कोहोल घातल्यावर आणखी पाच-सहा आठवडे अंधारात. यालाही ती मुरणंच म्हणते. माझा चहा पाच मिनिटं मुरतो आणि तेवढाही धीर मला निघत नाही.

तर ती बेरीज. तिने दोन पट्ट्या दिल्या. एकीवर हेडिओन, एकीवर बीटा-आयोनोन पातळ करून. हेडिओनमध्ये मला सुरुवातीला काहीच कळलं नाही, मग खोलीत कुणीतरी पाणी शिंपडल्यासारखं वाटलं. आयोनोन ताबडतोब कळलं: जांभळं, पावडरी, फुलांचं, थोडं लाकडाचं. दोन श्वास झाले आणि ते नाहीसं झालं. पट्टी बदलली की काय असं वाटून मी पाहिलं. मिनिटभराने पुन्हा आलं. आयोनोन असंच वागतं. नाकातल्या ज्या ग्राहींना, म्हणजे वास टिपणाऱ्या रेणूंना, ते भेटतं त्यांना थोडा वेळ झोपवून टाकतं. आता दोन्ही पट्ट्या एकत्र धरून नाकापुढून हलवल्या, आणि एका क्षणासाठी, शपथ घेऊन सांगते, झाकण काढलं गेलं. वाफ नव्हती, ऊब नव्हती, पण तोच तो पहिला झोत होता.

"आला!" मी म्हटलं. "चहा आला. व्हायोलेटची पट्टी लांब केली की जातो."

"व्हायोलेट?" तिने पट्टी घेतली, डोळे मिटून बराच वेळ हुंगली. "तुला फूल कळतंय?"

"तुला नाही कळत?"

"मला आंबूस लागतं. शिरक्यासारखं. तेसुद्धा जोर लावला तर."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती उठून वही घेऊन आली. बीटा-आयोनोनच्या बाबतीत माणसांच्या नाकांचे सरळ दोन गट पडतात. ओआर५ए१ नावाच्या एका जनुकातल्या फरकामुळे काहींना ते अगदी कमी प्रमाणातही फुलासारखं सुगंधी लागतं, आणि काहींना ते जवळजवळ कळतच नाही, कळलं तर आंबट, झणझणीत. २०१३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. ते वाचल्यावर तिला स्वतःबद्दलचा संशय आला आणि तिने दोन-चार ओळखीच्यांवर पट्ट्या चालवून खात्रीही करून घेतली. ती दुसऱ्या गटातली. चहाचा वास बांधायचा ज्या दोन खांबांवर, त्यातला एक तिला दिसतच नाही.

मी बघत राहिले. हिला माझ्या कपातला वास माझ्यासारखा कधी आलाच नसणार. आम्ही समोरासमोर बसून इतके कप रिकामे केले, दोघींनी 'काय वास आहे!' असं एकदम म्हटलं, आणि दोघी दोन वेगळे चहा पीत होतो. हिने चहाचं परफ्यूम करायला घ्यावं, हे धाडस म्हणू की खाज, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"म्हणजे चौदामध्ये..."

"चौदामध्ये आयोनोन फार कमी आहे. आंबूस व्हायला नको म्हणून मी हात आखडता घेतला होता. माझ्या नाकाला तेवढं बास वाटलं." मग वहीतलं ते पान तिने माझ्यापुढे केलं. मी दुखावलं असं मला वाटलं होतं त्या दिवसाची तारीख, आणि खाली एक ओळ: 'हिला चहा सापडला नाही. हिच्या नाकात आयोनोन असणार. विचारायचं.'

ही साधारण दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. काल तिने बोलावलं. टेबलावर दोन कोऱ्या पट्ट्या, दोन कुप्या, 'चहा – १५' आणि 'चहा – १६'. एकीत आयोनोन चौदापेक्षा दुप्पट, एकीत तिप्पट. कुठली कुठे ते ती सांगेना. माझी गवती वासाची बरणी मात्र तिने शेल्फवर बाकीच्या बाटल्यांत मांडून ठेवली होती, चिठ्ठी लावून. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'फक्त रंग.'

"मला दोन्ही सारख्याच लागतात," ती म्हणाली. "तू सांग."

पहिली पट्टी हुंगली. दुसरी हुंगली. मग थांबले, कारण दुसऱ्या श्वासाला आयोनोन दगा देतं हे आता मला ठाऊक होतं. तिने शिकवलं होतं तसं स्वतःच्या बाहीचा वास घेऊन नाक जागेवर आणलं. पुन्हा पहिली. बर्गमॉट चमकून गेलं, हिरवं आलं, आणि मग त्या सुती कापडाच्या जागी दुसरंच कुणीतरी येऊन बसलं. मी मान खाली घातली, कपावर घालते तशी.

"ही."

"आहे त्यात चहा?"

"आहे."

तिने पट्टी माझ्या हातातून घेतली आणि नाकाशी धरली. कपाळाला आठ्या पडल्या. बराच वेळ ती तशीच उभी होती.

"मला आंबूसच लागतंय बाई," ती म्हणाली, आणि वहीत पंधराच्या आकड्याभोवती गोल केला.